पुण्याचा उन्हाळा काढणारे नेचे

प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्यात बैठं घर, मागे उत्तरेला चार फूट रुंद आणि पंधराएक फूट लांब मातीची पट्टी, पलीकडे कंपाउंडची भिंत. दर पावसाळ्यात रोपवाटिकेतून फर्न, म्हणजेच नेचे, आणले जातात. दिवाळीपर्यंत ते छान दिसतात, मार्चमध्ये पानांच्या कडा जळायला लागतात आणि मे संपेपर्यंत बहुतेक रोपं गेलेली असतात. पाणी रोज दोनदा दिलं जातं. तर काटक जाती कोणत्या, आणि सह्याद्रीतले नेचे आणून लावले तर ते जास्त टिकतील का?

तुमची जागा चांगली आहे आणि पाणीही कमी पडत नाहीये. पुण्यात नेचे मरतात ते कोरड्या हवेने, आणि त्यांना वाचवायला म्हणून ओतलेल्या पाण्याने. मार्च-एप्रिलच्या दुपारी इथल्या हवेतली आर्द्रता २०-२५ टक्क्यांपर्यंत खाली येते, पारा ३८-४० अंशांकडे सरकतो. बहुतेक नेच्यांची पानं पातळ आणि मुळं बारीक, वरवरची. अशा हवेत पानांतून जितकं पाणी उडून जातं तितकं मुळं वर पोचवू शकत नाहीत, मग खाली माती कितीही ओली असो. कडा तपकिरी होतात, पान कुरकुरीत होतं. ते पाहून आपण आणखी पाणी घालतो. सतत चिंब मातीत मुळांना हवा मिळत नाही, ती कुजायला लागतात, आणि उरलेल्या पानांना पाणी पोचवणारं कुणी राहत नाही.

तुमच्याकडे यातलं काय घडतंय ते पाहून कळेल. पान टोकाकडून आणि कडेकडून वाळत असेल, पण देठ बुडाशी टणक आणि हिरवट असेल, तर हवा कोरडी आहे. देठ बुडाशी काळा, मऊ झाला असेल, हलकेच ओढल्यावर हातात येत असेल आणि मातीला आंबूस वास असेल, तर पाणी जास्त झालंय. बहुतेक घरांत एप्रिलमध्ये पहिलं दिसतं आणि मेमध्ये दुसरं.

सगळे आधी जातीच विचारतात. मी मात्र आधी ऊन पाहायला सांगते, कारण उत्तरेच्या बाजूबद्दल एक पक्का गैरसमज आहे. ‘उत्तरेला ऊन येतच नाही’ हे पुण्यात हिवाळ्यापुरतं खरं आहे. २१ मार्चनंतर सूर्य पूर्वेच्या जरा उत्तरेकडून उगवतो आणि पश्चिमेच्या जरा उत्तरेला मावळतो. एप्रिलच्या मध्याला साधारण साडेचारनंतर उत्तरेच्या भिंतीवर तिरपं ऊन येऊ लागतं. मेच्या सुरुवातीला ते दुपारी तीनलाच पोचतं. १३-१४ मेच्या सुमारास पुण्यात शून्य सावलीचा दिवस येतो, म्हणजे भर दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर असतो, आणि तिथून जुलैअखेरच्या दुसऱ्या शून्य सावलीपर्यंत मध्यान्हीचा सूर्य चक्क उत्तरेकडे असतो. जून-जुलैत ढग असतात म्हणून जाणवत नाही. मेमधले ते तीन ते सहाचे तास मात्र नेच्यांच्या जिवावर उठतात, आणि नेमके तेव्हा आपण घरात पडदे ओढून बसलेले असतो, त्यामुळे पट्टीवर ऊन आलेलं कुणाला दिसत नाही.

म्हणून पट्टीच्या पश्चिम टोकाला उभा आडोसा हवा. डोक्यावर हिरवी जाळी ताणून हे ऊन अडत नाही, कारण ते आडवं येतं. अरेका पामचं दाट बेट असेल तर उत्तम, ते वाढेपर्यंत बांबूची चटई किंवा दुहेरी गोणपाट उभं बांधा, साडेपाच-सहा फूट उंच. कंपाउंडची भिंत तापून रात्रीपर्यंत धग सोडते, त्यामुळे नेचे तिच्यापासून फूटभर तरी लांब लावा आणि तिच्यावर एखादी वेल चढवा. आणि त्या बाजूला एसीचं बाहेरचं युनिट असेल, तर त्याच्या पंख्यासमोर काहीही लावू नका. त्या झोतापुढे कुठलाही नेचा टिकणार नाही. (त्याच युनिटच्या नळीतून ठिबकणारं पाणी मात्र बादलीत धरा. ते का, हे पुढे सांगते.)

आता जाती. इंग्रजी पुस्तकांतल्या काटक नेच्यांच्या याद्या इथे उपयोगी नाहीत. त्या ब्रिटनसारख्या थंड देशांसाठी केलेल्या असतात आणि त्यांतला काटकपणा बर्फ सोसण्याचा असतो. ड्रायऑप्टेरिस फिलिक्स-मास किंवा मॅट्युशिया तिथे उणे तापमानात जमिनीखाली झोपून राहतात आणि वसंतात जोमाने उठतात. पुण्यात त्यांना ती थंडी मिळत नाही आणि मेमधल्या उबट रात्री त्यांना सोसत नाहीत. आपल्याला हवेत ते कोरडा उन्हाळा काढणारे.

माझ्या अनुभवात सगळ्यात भरवशाचा नेफ्रोलेपिस कॉर्डिफोलिया. रोपवाटिकेत त्याला कुणी सोर्ड फर्न म्हणतं, कुणी नुसतंच ‘साधा फर्न’ म्हणून कोपऱ्यात ठेवतं. पान उभं, अरुंद, हात-दीड हात लांब, दोन्ही बाजूंना दाटीने बसलेल्या पर्णिका. रोप उपटून पाहिलंत तर मुळांवर लहान सुपारीएवढे, बारीक लव असलेले गोल कंद दिसतील. ते पाण्याची साठवण करतात. आठवडाभर गावाला गेलात, वरची पानं सगळी वाळली, तरी या कंदांच्या आणि खोडाच्या जोरावर ते पुन्हा फुटतं. हुबेहूब त्याच्यासारखा दिसणारा बोस्टन फर्न हा वेगळा, नेफ्रोलेपिस एक्झाल्टाटाचा प्रकार. अमेरिकेत १८९४ च्या सुमारास फिलाडेल्फियाहून बोस्टनला गेलेल्या रोपांत तो झुकत्या पानांमुळे वेगळा दिसला आणि पुढे जगभर पसरला. त्याला कंद नसतात. पानं जास्त देखणी, लांब आणि लोंबती, पण पाण्याची खोटी झाली की आधी तो जातो. टांगत्या कुंडीत चारही बाजूंनी वारा लागतो, तिथे तर पुण्यात मी तो कुणाला सुचवत नाही. जमिनीत, इतर रोपांच्या दाटीत लावला तर बरा राहतो. विकत घेताना रोप कुंडीतून अलगद काढून कंद पाहा. कंद असलेलाच घ्या.

कॉर्डिफोलियाचा एक दोष सांगायला हवा. जमिनीलगत धागे सोडत तो पसरतो आणि नाजूक शेजाऱ्यांना दाबून टाकतो. पट्टीत लावताना त्याच्या भागाभोवती शहाबादी फरशीचे तुकडे जमिनीत वीतभर खोल उभे गाडा. दोन-तीन वर्षांनी जूनमध्ये काढून वाटणी करा, नाहीतर मधला भाग भुंडा होतो.

दुसरा टेरिस व्हिटाटा. हा तुम्ही हजार वेळा पाहिलाय. जुन्या वाड्याच्या चुन्याच्या भिंतीत, विहिरीच्या कठड्याच्या फटीत, पुलाच्या दगडी कमानीत उगवलेला तो लांब, पट्ट्यांसारख्या पर्णिकांचा नेचा बहुतेक वेळा हाच असतो. चुना त्याला मानवतो. घराच्या पायालगतच्या मातीत सिमेंटचा आणि विटांचा भुगा असतोच. तिथे बाकीचे नेचे पिवळे पडतात, हा खुशाल वाढतो. इतर नेच्यांपेक्षा ऊनही जास्त सोसतो. अतिपरिचयामुळे त्याला बागेत कुणी मान देत नाही, याचं मला वाईट वाटतं. जमिनीतलं आर्सेनिक हा नेचा शोषून पानांत साठवतो, असं २००१ मध्ये फ्लोरिडातल्या संशोधकांनी दाखवून दिलं आणि दूषित जमीन स्वच्छ करण्यासाठी त्याचा अभ्यास सुरू झाला. घरच्या बागेत याचा अर्थ एवढाच, की स्वतःची जागा निवडताना तो फार चिकित्सा करत नाही.

मग जाड पानांचे. पान जितकं जाड आणि चामड्यासारखं, तितका तो नेचा कोरडी हवा जास्त सोसतो, ही ओळख रोपवाटिकेत उभं राहूनही कामाला येते. होली फर्न, म्हणजे सिर्टोमियम फाल्काटम, गडद हिरवा, चकचकीत. मिळाला तर जरूर घ्या. फ्लेबोडियम ऑरियम हा निळसर झाक असलेला नेचा गेल्या काही वर्षांत ‘ब्लू स्टार’ नावाने दिसतो. त्याचं लव असलेलं जाड खोड जमिनीवरून सरपटतं. ते मातीत पुरू नका, वरच ठेवा. बर्ड्स नेस्ट फर्न, अ‍ॅस्प्लेनियम निडस, तुमच्या पट्टीच्या सर्वांत सावलीच्या टोकाला शोभेल. निसर्गात तो झाडांवर वाढतो, पानांच्या द्रोणात पडलेला पाचोळा त्याचं खत होतो. आपल्याकडे मात्र पाणी कडेने घाला. द्रोणात पाणी साचून राहिलं की मधला कोंब कुजतो, आणि त्याला तो एकच कोंब असतो.

मेडनहेअर आवडतो म्हणूनच घेणार असाल तर घ्या, पण तो मोकळ्या पट्टीत नको. बाथरूमच्या उजेडाच्या खिडकीत ठेवा. त्याची पानं एकदा कुरकुरीत झाली की पुन्हा हिरवी होत नाहीत, तेव्हा ती कात्रीने मातीलगत छाटा, कुंडी सावलीत ओलसर ठेवा. खोड जिवंत असेल तर दोन-तीन आठवड्यांत नवे गुंडाळलेले कोंब दिसतील. वृक्षनेचा, तो उंच खोडाचा, पुण्यात लावू नका. त्याला आंबोली-महाबळेश्वरसारखी धुक्याची हवा लागते, शिवाय या कुळातल्या झाडांचा आंतरराष्ट्रीय व्यापार साइट्स या जागतिक कराराखाली नियंत्रित आहे. आणि शतावरीच्या जातीतला, हारांत वापरतात तो ‘अ‍ॅस्परॅगस फर्न’ नेचा नव्हेच. त्याला फुलं-फळं येतात. काटक आहे, पण त्याची निगा वेगळी.

आता सह्याद्रीतून आणण्याबद्दल. आणू नका. कास, कोयना, चांदोली, राधानगरी ही क्षेत्रं २०१२ पासून जागतिक वारशात आहेत. अभयारण्यांतून आणि राष्ट्रीय उद्यानांतून वनस्पती उचलणं वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. कायद्याचं भय नसलेल्या जागी, रस्त्याकडेच्या कातळावरूनही उपटू नका, कारण तो जगणार नाही. कातळाच्या फटीतल्या नेच्याची मुळं त्या फटीसह येत नाहीत. निम्मी तुटतात, आणि उरलेल्या निम्म्यांवर तो आपल्या अंगणात उभा राहू शकत नाही.

पण घाटातल्या नेच्यांकडून शिकण्यासारखं एक मोठं आहे. आपल्या डोंगरातले कितीतरी नेचे उन्हाळ्यात झोपतात. हंसराज, म्हणजे आपल्याकडचा मेडनहेअर, पावसाळ्यात ओल्या भिंतीवर आणि दरडीवर हिरवागार असतो, पाऊस सरला की वाळतो, आणि जमिनीत खोड जपून जूनची वाट पाहतो. मयूरशिखा गडांच्या तटबंदीच्या फटींत वाढते. उन्हाळ्यात तिची पंख्यासारखी पानं मिटून काडीसारखी होतात आणि पावसाच्या सरींनी पुन्हा उघडतात. पानामागे पांढरी पूड असलेला चंदेरी नेचाही असाच आक्रसून बसतो. ट्रेकला गेलेली मुलं तो हातावर दाबून पांढरा ठसा उमटवतात, तोच हा. वांदरबाशिंग आंब्या-फणसाच्या खोडावर असतो, त्याची हिरवी पानं कोरड्या दिवसांत झडतात आणि तपकिरी, ओकच्या पानासारखी कातरलेली पानं तेवढी खोडाला बिलगून राहतात. कोकणातून आलेला पाहुणा हा नेचा कधी कधी भेट आणतो. मग डिसेंबरात तो वाळला म्हणून लोक फेकून देतात. तो मेलेला नसतो. तपकिरी पानं काढू नका, आठवड्यातून एकदा खोड ओलं करा आणि जूनपर्यंत थांबा.

हंसराज हवा असेल तर ज्याच्या बागेत तो आहे त्याच्याकडून एक पान मागा, पण न तोडता, जिवंत रोपावरच. त्याच्या पानाचं टोक लांबत जमिनीला टेकतं आणि तिथे नवं रोप फुटतं. जुलैत शेजारी एक छोटी कुंडी ठेवून ते टोक केसांच्या पिनेने मातीत अडकवलं, की श्रावण संपेपर्यंत मुळं धरतात. मग जुन्या पानापासून ते तोडून घ्या. कुणाचं काही न जाता तुम्हाला नेचा मिळतो.

माती हा पुण्यात खरा अडथळा आहे. काळी माती पावसात चिकट होते, मुळांभोवतीची हवा कोंडते, आणि उन्हाळ्यात भेगाळताना बारीक मुळं तोडते. तुमच्या पट्टीत काळी माती असेल तर फूटभर खोल काढून टाका. नेच्यांची मुळं खाली फार जात नाहीत, फूटभर पुरे. तळाला विटांचे तुकडे दोन-तीन इंच. वर दोन घमेली पानांचं कुजलेलं खत, एक घमेलं लाल माती, एक घमेलं नारळाच्या शेंडीचे तुकडे किंवा धुतलेलं कोकोपीट (शेंडीचा भुसा), आणि अर्धं घमेलं कोळशाचा चुरा व विटांची खडी मिळून. कोकोपीट धुतल्याशिवाय वापरू नका. त्यात मीठ असतं, आणि नेच्याची मुळं मिठाला फार हळवी असतात. मिश्रण मुठीत दाबून सोडलं तर ढेकूळ बनावं, पण बोट लावताच फुटावं.

पानांचं खत विकत शोधण्यापेक्षा घरीच करा. पुण्यात फेब्रुवारी-मार्चमध्ये रस्त्यांवर पाचोळ्याचे ढीग असतात आणि लोक ते जाळतात. जाळीच्या गोणीत भरा, ओलं करा, सावलीत ठेवा, महिन्यातून एकदा पाणी मारा. वर्षभराने जे काळं, भुसभुशीत, पावसाच्या वासाचं खत हाती येतं, त्याला नेच्यांसाठी पर्याय मला अजून दिसलेला नाही. त्यांचं सगळं आयुष्य जंगलात याच थरात जातं.

लावताना खोड पुरू नका. बहुतेक नेच्यांना खोडाचा माथा मातीच्या वर लागतो. खोल लावलेला नेचा महिनाभर तसाच बसतो आणि मग कुजतो. दोन रोपांत दीड फूट अंतर ठेवा, मधे-मधे काळे दगड ठेवा आणि उघडी माती दिसणार नाही इतका पाचोळा पसरा, दोन इंच जाड. दगडाखाली माती शेवटपर्यंत गार आणि ओली राहते, मुळं आपोआप तिकडे जातात. मेमध्ये एखादा दगड उचलून पाहा, त्याच्या पोटाशी पांढऱ्या मुळांचं जाळं दिसेल.

दगड आणि पाचोळा हे नुसतं शोभेसाठी नाही. दाटीने लावलेले नेचे, ओला पाचोळा, ओले दगड मिळून जमिनीपासून हातभर उंचीपर्यंत हवेचा एक दमट थर तयार करतात. तो टिकवणं हीच पुण्यातली नेच्यांची खरी मशागत. सुटी एकेक कुंडी म्हणूनच जगत नाही. लोक फवाऱ्याने पानं भिजवतात, पण एप्रिलच्या दुपारी ते पाणी पाच-दहा मिनिटांत उडतं आणि खाऱ्या पाण्याचे पांढरे डाग मागे राहतात. फवारायचंच असेल तर दगड, विटा आणि भिंतीचा पाया भिजवा, चारच्या सुमारास. मुळांना पाणी पहाटे, एकदाच. दोनदा देत आहात ते थांबवा. आधी पाचोळा बाजूला सारून बोट दोन पेरं मातीत घाला, ओलं लागलं तर आज पाणी नको.

मे महिन्यासाठी माझी सगळ्यात आवडती सोय म्हणजे पुरलेलं मडकं. बिनरंगाचं, भाजलेल्या लाल मातीचं दोन-तीन लिटरचं मडकं गळ्यापर्यंत जमिनीत पुरा, चार-चार फुटांवर एक. तोंडावर फरशीचा तुकडा ठेवा, नाहीतर डास होतील. दोन-तीन दिवसांनी भरत जा. पाणी मातीतून पाझरतं, लागेल तितकंच. दोन-तीन दिवस बाहेर जायचं झालं तरी काळजी नाही. वर्षा-दोन वर्षांनी मडक्याची छिद्रं क्षारांनी बुजतात, तेव्हा बदला.

पाण्याच्या प्रतीकडेही लक्ष द्या. बोअरचं पाणी आपल्याकडे बहुतेक ठिकाणी जड असतं. कुंडीच्या काठावर पांढरा थर दिसत असेल तर तुमच्या पानांच्या कडा जळण्यात त्याचाही वाटा आहे. टेरिस आणि हंसराजाच्या जाती चुना चालवून घेतात, नेफ्रोलेपिस आणि बर्ड्स नेस्ट नाही. नळाचं पाणी रात्रभर उघड्या बादलीत ठेवून वापरा. पावसाचं पाणी पिंपात धरता आलं तर ते सोनं. आणि एसीच्या नळीतलं पाणी म्हणजे हवेतली वाफ थंड होऊन झालेलं पाणी, त्यात क्षार जवळपास नसतात, तेही नेमकं उन्हाळ्यात मिळतं. म्हणून ती बादली.

खताची घाई नको. जून ते सप्टेंबर, महिन्यातून एकदा शेणाची निवळी दहापट पाण्यात, किंवा मूठभर गांडूळखत खोडापासून लांब. रासायनिक खत द्यायचंच तर पाकिटावर लिहिलंय त्याच्या चौथाई. उन्हाळ्यात काहीही नाही.

किडींबद्दल एक गोष्ट आधी, कारण दरवर्षी पावसाळ्याच्या शेवटी हा फोटो मला कुणीतरी घाबरून पाठवतं. पानाच्या मागे ओळीने, सारख्या अंतरावर तपकिरी ठिपके आलेत, हा कोणता रोग? तो रोग नाही. त्या बीजाणूंच्या, म्हणजे नेच्यात बियांचं काम करणाऱ्या बारीक कणांच्या, पुड्या आहेत, आणि तुमचा नेचा खुशीत असल्याचं ते लक्षण आहे. पुसू नका, फवारू नका. अंतर सारखं असेल तर बीजाणू. वेडेवाकडे, देठावरही चिकटलेले, नखाने टरफलासारखे निघणारे ठिपके असतील तर खवले कीड. ती आणि पिठ्या ढेकूण सौम्य साबणाच्या पाण्यात भिजवलेल्या कापसाने पुसून काढा. कडुनिंबाच्या तेलाचा फवारा नेच्यांच्या कोवळ्या पानांना भाजतो. मारायचाच तर एका पानावर मारून दोन दिवस वाट पाहा.

पावसाळ्यात खरा शत्रू गोगलगाय. मोठी आफ्रिकन शंखी एका रात्रीत बर्ड्स नेस्टचा कोंब खाऊन टाकते, आणि तो एकच कोंब गेला की रोप संपलं. संध्याकाळी ओलं गोणपाट पट्टीत पसरून ठेवा, सकाळी उलटलं की सगळ्या खाली गोळा झालेल्या मिळतात. हातमोजे घालून उचला, मिठाच्या पाण्यात टाका. मीठ मातीवर मात्र अजिबात टाकू नका.

कोकण-गोव्यात हे गणित वेगळं. तिथे जांभ्याच्या गडग्यावर नेचे आपणहून येतात, हवा बारा महिने दमट, त्यामुळे निचरा नीट ठेवणं एवढंच काम. विदर्भात, जिथे पारा ४५ ओलांडतो, तिथे मी फक्त कॉर्डिफोलिया आणि टेरिस सुचवेन, तेही घराच्या पूर्वेला, मोठ्या झाडाखाली.

शेवटी बीजाणूंपासून रोपं करण्याबद्दल, कारण मोठी पट्टी भरायची तर विकत आणून परवडत नाही, आणि या कामासारखा आनंद बागेत दुसरा नाही. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये ज्या पानामागचे ठिपके गडद तपकिरी झालेत पण अजून फुटलेले नाहीत, ते पान तोडा, कोऱ्या कागदात ठिपक्यांची बाजू खाली ठेवून घडी घाला. दोन दिवसांत कागदावर तपकिरी पूड पडते. पारदर्शक झाकणाचा मिठाईचा डबा घ्या, त्यात दोन इंच चाळलेलं पानांचं खत आणि कोकोपीट भरा, त्यावर उकळतं पाणी ओता आणि झाकून गार होऊ द्या. यामुळे बुरशी आणि शेवाळ्याचे जीव मरतात. मग पूड चिमटीने अगदी विरळ भुरभुरवा. वर माती नको, त्यांना उगवायला उजेड लागतो. झाकण लावून ऊन न येणाऱ्या उजेडाच्या खिडकीत ठेवा.

महिना-दीड महिन्यात मातीवर हिरवी साय धरल्यासारखं दिसेल. शेवाळं समजून फेकू नका. आणखी काही आठवड्यांत त्यातून नखाएवढेही नसलेले, बदामाच्या आकाराचे चपटे हिरवे ठिपके होतील. हीच नेच्याची दुसरी पिढी, ज्यात नर आणि मादी पेशी तयार होतात. नर पेशी पोहत मादी पेशीपर्यंत जातात, आणि पोहायला पाण्याचा पातळ थर लागतो. म्हणून या वेळी दर चार-पाच दिवसांनी उकळून गार केलेल्या पाण्याची बारीक फवारणी करा. ती केली नाही तर बदाम महिनोन्‌महिने तसेच राहतात आणि लोक म्हणतात की बीजाणूंपासून काही येत नाही. फवारणीनंतर त्या बदामांतून पहिली इवलीशी पानं वर येतात. तेव्हापासून झाकण रोज थोडं-थोडं उघडं ठेवत जा. एकदम उघडलंत तर एका दुपारी सगळं वाळेल.

एकोणिसाव्या शतकात लंडनच्या नॅथॅनियल वॉर्ड या डॉक्टरांना १८२९ च्या सुमारास एका बंद बाटलीत असाच नेचा आपोआप उगवलेला सापडला होता. काजळीने भरलेल्या शहरात, ज्याच्या हवेत त्यांचे बाहेरचे नेचे जगत नव्हते. त्या बाटलीवरून बनलेल्या काचेच्या पेट्यांतूनच पुढे चहाची रोपं चीनमधून जहाजाने हिंदुस्थानात सुखरूप आली. तुमचा मिठाईचा डबा तेच काम करतो.

नोव्हेंबरात पेरलेली रोपं जूनपर्यंत छोट्या कुंडीत जाण्याजोगी होतील आणि पुढच्या वर्षीच्या जूनमध्ये पट्टीत. या वर्षासाठी कॉर्डिफोलियाची पाच-सहा रोपं जूनच्या दुसऱ्या आठवड्यानंतर घ्या, आधी नाही. जानेवारीत एम्प्रेस गार्डनच्या पुष्पप्रदर्शनात हिरवेगार, तुकतुकीत फर्न दिसतील. हरितगृहाच्या दमट हवेतून आलेली ती रोपं घरी आणून दोन महिने होतात न होतात तोच मार्च येतो. जाती तिथे पाहून ठेवा, नावं लिहून घ्या, खरेदी पावसाळ्यात करा. पश्चिमेचा आडोसा आणि माती मात्र आजच करायला घ्या, म्हणजे पहिल्या पावसात पाचोळा मुरेल आणि रोपं येतील तेव्हा जागा तयार असेल.